एकमताने मंजूर



नांदेडात उभं राहून स्वातंत्र्यावर बोलायचं म्हणजे जरा अवघडच काम. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं 1950 साली सुरू झालेलं पीपल्स कॉलेज इथलं. त्या कॉलेजात शिकवणारे आणि पुढे तिथंच प्राचार्य झालेले कुरुंदकर गुरुजी इथले. 1985 साली शंकर पाटलांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरलं तेही इथंच. सरकारविरुद्धचं स्वातंत्र्य या गावाला मी काय शिकवणार? मला बोलायचंय ते आपल्याच माणसांपुढे लागणाऱ्या स्वातंत्र्याबद्दल. कारण मराठवाड्यातल्या लेखकाला आज खरी भीती त्यांचीच वाटते, असं माझं मत आहे.

गेल्या पावसाळ्यात मुखेडकडचा एक तरुण कादंबरीचं हस्तलिखित घेऊन घरी आला. शंभर पानी वह्यांचा गठ्ठा. चाळायला घेतला तर पानोपानी निळ्या शाईनं खाडाखोड. गावाचं नाव उडवून तिथं नुसता 'क'. आडनावं गायब. एका पात्राचा तर चुलत्याचा मामा केलेला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, ''सर, चुलत्याचा आन् आमचा बांध एकच हाय. मामा दूरच्या गावचा, त्याला कळायचं नाही.'' म्हटलं, सरकारची वगैरे भीती आहे का? तो हसायलाच लागला. ''सरकार कुठं वाचायलंय सर? भावकी वाचती.''

पण त्या बदलानं कादंबरीच मोडली होती. चुलत्याशी भांडण असतं ते जमिनीचं, वाड्यातल्या वाटणीचं, आजोबांच्या सहीचं. मामाशी तसं भांडण होतच नाही. नातं बदललं आणि अख्खं कथानक पोकळ झालं.

आपल्याकडे हे का होतं, याचं मूळ मला आपल्या इतिहासात दिसतं. निजामाच्या राज्यात आपण सगळेच दबलेले होतो. सभा घ्यायची तर गश्ती 53 या फर्मानाखाली परवानगी काढा. उच्च शिक्षण घ्यायचं तर उस्मानिया विद्यापीठात, उर्दूतून. 1938 साली 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यांतले कितीतरी नागपूरला जाऊन शिकले. स्टेट काँग्रेसवर तर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली. परभणीचे बी. रघुनाथ त्याच राजवटीच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत होते आणि फायली उपसता उपसता मराठीत कादंबऱ्या लिहीत होते. अशा दिवसांत माणसं एकमेकांना धरून राहतात, आणि तेव्हा ते गरजेचंच होतं. 17 सप्टेंबर 1948 ला आपण सुटलो ते सगळे मिळून सुटलो. ती गोष्ट आपण तेव्हापासून 'आपण' म्हणूनच सांगत आलो आहोत.

त्या गोष्टीचं पुढचं पान मात्र आपण मिटून ठेवलं. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्यात मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्याबरोबर आपल्या नांदेडचं नाव घेतलं. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. हा अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. तो सरकारनं दाबला हे खरं. पण आजोबांनी, काकांनी, गावानं जे पाहिलं होतं ते कुणी दाबलं? रझाकारांच्या जुलमावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण त्या सप्टेंबरात शेजाऱ्याला कणगीत लपवणारा एखादा असेलच ना? आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा दुसरा? त्या दोघांवरची कादंबरी कुठं आहे? इतिहासाला समूह पुरतो. कादंबरीला तो कणगीजवळ उभा असलेला एकटा माणूस लागतो.

याच वेळी दिल्लीत काय चाललं होतं, हेही एकदा शेजारी ठेवून पाहा. आपल्या मुक्तीला दीड महिना झाला होता. 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा मांडला. त्या भाषणात त्यांनी खेड्याचे गोडवे गाणं साफ झिडकारलं आणि मसुद्यानं गाव बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केलं. गाव म्हणजे काय करू शकतं, याचा पुरावा त्या आठवड्यांत आपल्या जिल्ह्यांत पडलेला होता. तीस वर्षांनी आपण तो पुन्हा दिला. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. आपल्याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले. विरोध करणाऱ्यांत मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेली, ज्यांच्यापुढे आपण आजही हात जोडतो अशी माणसं होती. घरं जाळणं त्यांना मान्य नव्हतं. पण 'मराठवाड्याची अस्मिता' हा शब्द त्यांनीही वापरला आणि गावोगावच्या जमावानंही. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला.

इथं कुणी मला अडवेल, आणि अडवावंच. व्यक्तिस्वातंत्र्याचं कौतुक ज्यांना समूहानं आधीच पाटावर बसवलंय त्यांना सोपं. ज्याला पाणवठ्यावरच जाऊ दिलं नाही, त्याला माणूस म्हणून उभं राहायला चळवळच लागली, म्हणजे पुन्हा समूहच. मान्य. म्हणून मला आपल्या भागातली दोन पुस्तकं मोठी वाटतात. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाली. पोलीस, सावकार, गाव यांनी त्यांच्या उचल्या जमातीवर केलेला अन्याय त्यात आहेच. पण लक्ष्मण शाळेत जायला लागला म्हणून पोरांना हगवण-उलटी लागली, असं म्हणणारी त्याच्याच वस्तीतली माणसंही त्यात आहेत. ती त्यानं झाकली नाहीत. त्याच सुमाराचं आपल्या दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा'. नाटक आहे, पण माझा मुद्दा तिथंही लागू पडतो. काका, सतीश, अर्जुन या तीन आंबेडकरी पिढ्या समोरासमोर. प्राध्यापक सतीशचा प्रश्न एवढाच, की चळवळ माझी आहे म्हणून माझा विवेक तिच्या खुंटीला टांगू का? उत्तर नाटक देत नाही. द्यायलाही नको.

कुरुंदकर गुरुजींचंही असंच होतं. ते सेवादलाचे, समाजवादी गोतावळ्यातले. पण त्यांच्या लेखणीनं सर्वांत जास्त अवघडायला व्हायचं ते त्याच गोतावळ्याला. पन्नाशी गाठण्याआधी, 10 फेब्रुवारी 1982 ला, औरंगाबादला व्यासपीठावरच ते गेले. आज त्यांची जयंती सगळे पक्ष करतात. ही गोष्ट चांगली की चिंतेची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहित्य संमेलनांत कऱ्हाडचा दाखला हमखास दिला जातो. 1975, आणीबाणी, दुर्गाबाई भागवत, समोर स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. टाळ्या पडतात. मीही वाजवतो. पण महाबळेश्वरचं नाव कुणी काढत नाही. 2009 साली 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून आनंद यादवांना अध्यक्षपद सोडावं लागलं आणि संमेलन अध्यक्षाशिवाय पार पडलं. 'झोंबी' लिहिणारा माणूस! तिथं आणीबाणी नव्हती, सेन्सॉर नव्हता. भाविक होते, आणि मान खाली घालून बसलेले आपण लेखक होतो. ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांना निषेधाचा, प्रतिवादाचा पूर्ण हक्क होता. पण तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत कुणी बुडवायला लावल्या, एवढं तरी त्या दिवशी आपल्यापैकी कुणीतरी उठून विचारायला हवं होतं. पुढे 2019 ला यवतमाळला नयनतारा सहगल यांना बोलावून पुन्हा 'येऊ नका' कळवलं, तेव्हा आपण थोडे सुधारलो होतो. निदान आरडाओरडा केला.

आणि आजचं? लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी एक फेरी मारून या. एकाच रंगाच्या बॅगा, एकच टेस्ट सिरीज, मेसच्या एकाच रांगेत उभी सतरा वर्षांची हजारो पोरं, सगळी डॉक्टर होणार. लातूर पॅटर्ननं गरिबाघरची पोरं पुढे गेली, त्याबद्दल मी एक शब्द वावगा बोलणार नाही. पण त्या रांगेतल्या एखाद्या पोरीला डॉक्टर व्हायचं नसेल आणि बापानं दोन एकर विकून फी भरली असेल, तर ती घरी फोनवर काय बोलते? ही गोष्ट लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या महाविद्यालयीन मित्रांनी ती लिहावी. माझ्या पिढीला ती रांग बाहेरूनच दिसते.

शेवटी एक कामाची सूचना. उद्या सकाळी या संमेलनाचं खुलं अधिवेशन आहे. ठराव वाचले जातील, कुणी अनुमोदन देईल, टाळ्या वाजतील आणि इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं उमटेल. सीमाभाग, अभिजात भाषा, ग्रंथालयांचं अनुदान, विषय नेहमीचेच असतील, आणि मीही त्यांच्या बाजूचाच आहे. तरी संयोजकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक ठरावाला 'विरोधात कोण' हे मोठ्यानं विचारा. हात वर झाला तर त्या माणसाला पाच मिनिटं बोलू द्या. त्याचं नाव आणि त्याचं म्हणणं अहवालात छापा. पहिला ठराव अध्यक्षांच्या अभिनंदनाचा असतो, असं ऐकतो. सुरुवात त्यापासूनच करायला माझी हरकत नाही.