तार आणि टपाल

(ज्युबिली महोत्सवांत झालेलें भाषण)



आपल्या बिरसीचें नांव बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे तें येथील विमानांच्या मैदानामुळें. इंग्रज सरकारनें दुसऱ्या महायुद्धाच्या कामासाठीं १९४० सालीं तें बांधलें. पुढें त्याच्या आश्रयानें वैमानिक घडविणारी शाळा निघाली, आणि धानाच्या बांध्यांवर शिकाऊ विमानें घिरट्या घालूं लागलीं. वैमानिकांच्या धंद्यांतील एक नियम आज मी आपणांपुढें मांडणार आहें. कारण माझ्या समजुतीप्रमाणें तो आपल्या खिशांतील फोनासही लागू पडतो.

११ सप्टेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंतील शार्लट शहरीं उतरत असलेलें ईस्टर्न एअरलाइन्सचें एक विमान धुक्यांत धांवपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळलें. आंत ८२ माणसें होतीं. त्यांपैकीं ७० हून अधिक प्राणांस मुकलीं. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, उतरण्याच्या वेळीं वैमानिक राजकारण, जुन्या मोटारी असल्या विषयांवर बोलत होते, व आपण किती खालीं आलों याचें भान त्यांना राहिलें नव्हतें. उंच आकाशांत त्याच गप्पांनीं कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. पुढें १९८१ सालीं अमेरिकन सरकारनें नियम केला: विमान जमिनीवर चालत असतां, उडतांना, उतरतांना, आणि सामान्यतः १०,००० फुटांच्या खालीं असतांना, सुरक्षिततेशीं संबंध नसलेलें कोणतेंही काम वा बोलणें वैमानिकानें करूं नये. यांतील मौज अशी कीं, ही मनाई केवळ गप्पांना नाहीं. खाद्यपदार्थांची मागणी कळविणें, उतारूंच्या पुढच्या विमानाची खातरजमा करणें, पगाराचे कागद भरणें, हीं खुद्द कंपनीचीं कामेंही तेवढ्या वेळापुरतीं वर्ज्य आहेत!

आतां आपल्यांतील किती जण रोज अशा खालच्या उंचीवर असतात तें पाहा. औषधाची मात्रा मोजणारी परिचारिका, गिरणीच्या पट्ट्याजवळ उभा असलेला कामगार, मुलांस त्रैराशिक समजावून देणारे गुरुजी, आजारी आईच्या उशाशीं बसलेला मुलगा. यांच्या खिशांत फोन थरथरतो. तो हातीं घेतला नाहीं म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं दाखवून दिलें कीं, फोनाकडे न पाहतां नुसती त्याची सूचना जाणवली तरीही लक्ष द्यावें लागणाऱ्या कामांत चुका वाढतात. हाक ऐकूं आली कीं मन दाराशीं जाऊन येतें.

आपल्या वाडवडिलांस हा त्रास नव्हता. टपाल यावयाचें तें दिवसांतून एकदां, ठरल्या वेळीं; आणि तांतडीचें असेल तें तारेनें यावयाचें. तारवाला दिसला कीं घरांतील बायामाणसांच्या काळजांत धस्स होई, कारण तार उगीच येत नसे. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण तिची खरी गरज आतांच भासते असें मला वाटतें. फोनानें तार आणि टपाल एकाच पिशवींत कोंबलें आहे. सुप्रभाताचें फुलांचें चित्र, दुकानदाराची जाहिरात आणि दवाखान्यांतून आलेला निरोप एकाच घंटेनें येतात.

यावर उपाय धानाच्या शेतांतलाच आहे. रोवणीच्या वेळीं कोणी एकेक रोपटें आणावयास बांधींतून उठून जात नाहीं. पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधतात, जुड्या बांधींत टाकतात, आणि मग हात थांबत नाहीं. निरोपांच्याही अशाच जुड्या बांधाव्या. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं १२४ माणसांवर प्रयोग केला. तो २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. एक आठवडा त्यांनीं ईमेल दिवसांतून तीनदांच पाहावयाचें, एक आठवडा मन मानेल तेव्हां. तीनदां पाहण्याच्या आठवड्यांत त्यांच्या मनावरील ताण कमी आढळला. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत २३७ जण होते. ज्यांस फोनाच्या सूचना दिवसांतून तीन वेळां एकत्र मिळाल्या त्यांचें चित्त अधिक स्थिर राहिलें. परंतु ज्यांच्या सूचना पार बंद केल्या, त्यांची चिंता उलट वाढली. आपलें कांहीं चुकत तर नसेल, ही रुखरुख त्यांस लागली. म्हणून फोन विहिरींत टाका असा उपदेश मी करणार नाहीं. आंजेलसची घंटा सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं वाजते. ज्यांस वेळा सुचत नसतील त्यांनीं त्याच धराव्या.

तांतडीच्या निरोपाचें काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर मला एका फार जुन्या पुस्तकांत सांपडतें. संत बेनेडिक्ट यांनीं सहाव्या शतकांत मठवासीयांसाठीं नियमावली लिहिली. तिच्या ६६ व्या प्रकरणांत मठाच्या द्वारपालाविषयीं सांगितलें आहे. या जागीं शहाणा वृद्ध नेमावा, त्याला निरोप घेतां व उत्तर देतां यावें, त्याची खोली दाराजवळच असावी, आणि कोणीं दार ठोठावल्यास अथवा गरिबानें हांक मारल्यास त्यानें तत्काळ ओ द्यावी. दारीं असा माणूस असला म्हणजे आंतल्या सर्वांनीं दाराकडे कान लावून बसावयास नको.

असा द्वारपाल बहुतेक फोनांत आहे. त्यास कामावर नेमावयाचें तेवढें राहिलें आहे. सर्व गटांचा आवाज बंद ठेवून निवडक माणसांच्या फोनाची घंटा तेवढी वाजेल, व अनोळखी माणसानेंही थोड्या मिनिटांत दुसऱ्यांदां फोन केल्यास वाजेल, अशी सोय त्यांत असते. धर्मगुरूंस मात्र यांतून सूट नाहीं: मरणोन्मुख माणसाचा निरोप रात्रीं दोन वाजतांही येतो, आणि तो तारेचाच असतो.

एक गोष्ट वरिष्ठांसाठीं. शिक्षकांस व आरोग्यसेविकांस व्हॉट्सॲपच्या गटांवर हुकूम सुटतात, आणि तासाभरांत माहिती न गेल्यास कारण विचारलें जातें. तेथें एकट्या शिक्षिकेनें जुड्या बांधून भागत नाहीं. ज्यास उत्तर तत्काळ हवें त्यानें फोन करावा, गटावर लिहिलेलें सायंकाळपर्यंत पाहिलें जाईल, एवढें साहेबांनीं एकदां जाहीर केलें तर चाळीस माणसांचा दिवस मोकळा होईल. आपल्यांत जे साहेब बसले आहेत त्यांनीं हें मनावर घ्यावें.

सभा संपल्यावर आपले तरुण मंडपाच्या उजव्या बाजूस बसणार आहेत. ज्यांस ही सोय लावतां येत नाहीं त्यांस ते ती लावून देतील. वृद्ध मंडळींनीं संकोच करूं नये. ज्यांच्यासाठीं दार केव्हांही उघडावयाचें तीं पांच नांवें मात्र मनाशीं ठरवून यावें.