मुतारी त्यांची, प्रसाधनगृह आपलं

(नागपूरच्या सदर भागात वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



विषय ऐकल्याबरोबर निम्म्याजणींनी पदर तोंडाला लावला. हसा की! मला आज या हसण्याबद्दलच बोलायचंय.

आपली मराठी या बाबतीत मुळीच सोवळी नाही. 'हागणाऱ्यानं लाजावं की बघणाऱ्यानं' हे भर पंचायतीत बोललं जातं. 'पादऱ्याला पावट्याचं निमित्त' शिकलेली माणसंही सहज म्हणून जातात. आणि 'पादा पण नांदा' हा तर संसाराचा उपदेशच! बाकी काय हवं ते करा, पण नांदा. विनोद पोटातल्या वाऱ्याचा, हुकूम मात्र नांदण्याचा.

म्हणजे शब्दांना बंदी नाही. ते कुणी कुठे वापरायचे, याला आहे. शाळेत आपण करंगळी वर करून 'बाई, एकीला जाऊ?' म्हणायचो. मोठेपणी त्याची 'लघुशंका' झाली. (यात शंका कसली, ते मला अजून उमगलेलं नाही.) गावी 'परसाकडे', इकडे 'डब्बा घेऊन', आणि ऑफिसात 'फ्रेश होऊन येते'. परस राहिलं नाही, पण आडपडदा राहिला.

आता एक शब्द नीट बघा. मुतारी. रोखठोक शब्द. ऐकला की डोळ्यांसमोर कोण येतं? पुरुष. बायकांची मुतारी असं कुणाच्या तोंडून ऐकलंय तुम्ही? आपल्या वाट्याला पाटी येते 'प्रसाधनगृह'. प्रसाधन म्हणजे नटणं-मुरडणं! बाई तिथे पावडर लावायला जाते, असं ज्या यंत्रणेच्या पाटीवर लिहिलंय, ती तिच्या लघवीसाठी पैसे कशाला बाजूला काढेल?

पुरुष भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तर तो चेष्टेचा विषय होतो, फार तर भिंतीवर देवादिकांच्या फरशा लागतात. बाईची चेष्टासुद्धा होत नाही, कारण ती जातच नाही. इथल्या मंगळवारी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांशी मी बोलले. दुपारभर पाणी पीत नाही, असं त्या सांगतात, आणि सांगताना हसतात. लघवीची जळजळ, पोटात दुखणं, तापसुद्धा त्या हसण्याखाली जातो. पाळीच्या दिवसांचं तर विचारूच नका.

मुंबईत २०११ साली स्त्री-संघटनांनी आणि संस्थांनी एकत्र येऊन मोहीम काढली, तिचं नाव 'राइट टू पी'. पुरुषांना लघवी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा त्यांचा साधा सवाल होता. नाव ऐकून मीटिंगमध्ये अजूनही कुणीतरी फिसकन हसतं. पण हसणाऱ्यालाही मागणी पुन्हा समजावून सांगावी लागत नाही! पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक हाच प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेलं. रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी महापालिकांनी स्वच्छतागृहं उभारावीत, असा आदेश डिसेंबर २०१५ मध्ये मिळाला.

सरकारनंही एक अस्सल शब्द उचलला: 'हागणदारीमुक्त'. आपल्या अमरावतीकडच्या गाडगेबाबांच्या नावानं २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. बाबांनी आधी स्वतः झाडू धरला आणि मग कीर्तन केलं. पुढे आली ती 'गुड मॉर्निंग पथकं'. पहाटे शिट्ट्या वाजवायच्या, गुलाबाचं फूल द्यायचं, चारचौघांत लाजवायचं. पुरुष एक वेळ दुपारीही जाईल, पण बाईला ती अंधाराची वेळ एवढीच होती. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. ज्यांच्या घरात पाण्याचा नळ नाही, त्यांच्या संडासात पाणी कोण वाहून नेतं, ते तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्या अंधारात बायका घोळक्यानं जायच्या, तेव्हा सासूच्या कानाआड बोलायला तेवढीच जागा मिळायची. तिथले विनोद ऐकलेत तर पुरुषांच्या म्हणी फिक्या पडतील. आपल्याला हे बोलता येत नाही, हे खरं नाही. ते फक्त आपल्या-आपल्यात राहिलं.

आणि एक विनोद मी चालू देणार नाही. घाण काढणाऱ्याच्या जातीचं नाव शिवी म्हणून वापरायचं, हा. मैला हातानं उचलायला लावण्यावर १९९३ साली कायद्यानं बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला, तरी माणसं गटारात उतरून मरतात. आपल्या शिबिरातही ती शिवी येते. आली की तिथल्या तिथे थांबवायची.

आता काम. येत्या मंगळवारी आपण दोघी-दोघींनी सदर फिरायचं. पुरुषांसाठी किती जागा, आपल्यासाठी किती. कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का, पैसे किती घेतात, रात्री किती वाजता कुलूप लागतं. डिसेंबरात अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. त्यांत दिवसभर बसणाऱ्या अंगणवाडीच्या, आशाच्या बायका कुठे जातात, तेही विचारून लिहा. महापालिकेला द्यायच्या अर्जात 'प्रसाधनगृह' लिहू नका. 'बायकांसाठी मुतारी' असं लिहा. अर्ज घेताना बाबू हसला, तर हसणं संपेपर्यंत समोर उभं राहायचं आणि मग पोच मागायची.