बुडालेली मोटार

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत युसूफ वडगांव हें गांव आहे. मांजरा नदीचें खोरें, काळा कातळ आणि बेभरंवशाचा पाऊस हीं तिन्ही तेथील शेतकऱ्याच्या वांट्यास आलेलीं आहेत. विहिरीनें तळ गांठला म्हणजे तो बोअर घेतो, आणि त्या अरुंद भोंकांत एक लांबोडकी मोटार नळीला जोडून कित्येक शें फूट खोल सोडून देतो. विजेची वस्तु पाण्यांत बुडवूं नये असें लहानपणापासून शिकलेल्या शहरी माणसास हें दृश्य चमत्कारिक वाटतें. गांवांतील पोरासोरांस मात्र त्यांत नवल कसलेंच नाहीं. मोटार बुडालेली असणें हीच तिची नीट अवस्था. पाणी उतरून ती उघडी पडली म्हणजे जळावयाचीच, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें.

मोटार इतकी खालीं कां सोडावी लागते? पंप पाणी ओढतो असें म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः तो केवळ पोकळी करतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याचा सुमारें १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलूं शकतो, अधिक नाहीं. त्याहून खोल असलेलें पाणी वरून ओढतां येत नाहीं. तें खालून ढकलावें लागतें.

हाच प्रश्न कोंकणच्या किनाऱ्यावर निराळ्या रूपानें उभा राहिला. रत्नागिरी जिल्ह्यांत, वाशिष्ठीच्या मुखापाशीं, दाभोळचा प्रकल्प आहे. एन्रॉन कंपनीमुळें हें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचलें. १९९९ सालीं सुरू झालेलें तेथील वीजकेंद्र २००१ सालीं बंद पडलें, २००५ सालीं तें नव्या कंपनीकडे गेलें, आणि लगतच्या धक्क्यावर द्रवरूप वायूचें पहिलें जहाज लागलें तें २०१३ सालीं. त्या वादांचा इतिहास येथें बाजूस ठेवलेला बरा; तो सांगूं लागल्यास पंपाची गोष्ट राहून जाईल.

जहाजांतून येतो तो नैसर्गिक वायु, म्हणजे मुख्यत्वें मिथेन. शून्याखालीं सुमारें १६२ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला म्हणजे त्याचा पाण्यासारखा नितळ, परंतु वजनानें पाण्याच्या निम्म्याहून हलका, असा द्रव बनतो, आणि त्याचें आकारमान सुमारें सहाशें पटींनीं घटतें. टांकींत हा द्रव सदैव उकळीच्या उंबरठ्यावर असतो. त्यास वरून ओढूं जावें, तर दाब किंचित् उतरतांच तो नळींतच उकळतो आणि पंपाच्या हातीं द्रवाऐवजीं बुडबुडे येतात. युसूफ वडगांवच्या पाण्यास निदान दहा मीटरांची सवलत तरी आहे. या द्रवास तीहि नाहीं. त्याचा पंप तळाशीं, द्रवाच्या भाराखालींच, असावा लागतो.

मग टांकीच्या बुडास भोंक पाडून पंप बाहेर कां ठेवूं नये? याचें उत्तर फार महाग पडलें आहे. २० ऑक्टोबर १९४४ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं अशा द्रवाची एक टांकी फुटली. तिचें पोलाद इतक्या थंडींत कांचेसारखें ठिसूळ होणारें होतें. द्रव रस्त्यांवरून व गटारांतून वाहत वस्तींत शिरला, पेटला, आणि सुमारें १३० माणसें प्राणांस मुकलीं. आतां मोठ्या टांक्या बांधतांना पोलाद तर निराळें घेतातच, शिवाय बुडास वा कुशीस भोंक ठेवण्याचें टाळून सर्व नळ्या छपरांतूनच आंत नेतात.

मोटार छपरावर ठेवून लांब दांडा खालीं सोडावा, तर दांडा जेथून आंत शिरतो तेथें फिरती सांध राहते. ती झिजते, थंडीनें आकसते व गळूं लागते. आणि गळलेला वायु हवेंत मिसळून शेजारच्याच मोटारीपाशीं साठतो. म्हणून अभियंत्यांनीं मोटारच द्रवांत बुडविली. मोटार व पंप एकाच दांड्यावर, एकाच कवचांत. फिरता भाग बाहेर येतच नाहीं, तेव्हां फिरती सांधहि नाहीं.

पेटणाऱ्या द्रवांत वीज सोडणें हा प्रथमदर्शनीं वेडेपणा वाटेल. परंतु मिथेन पेटण्यासाठीं हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ असावें लागतें. टांकीच्या तळाशीं हवा नाहीं. ठिणगी पडली तरी तिला सोबत करणारा प्राणवायूच नाहीं. शिवाय हा द्रव विजेचा वाहक नव्हे. बोअरच्या मोटारींत तारेवर पाणी न शिरेल असें आवरण लागतें. येथें द्रव खुशाल गुंडाळ्यांमधून खेळतो आणि त्यांस थंडहि ठेवतो. वंगण घालावें तर तें त्या थंडींत दगड होईल, म्हणून बेअरिंगांचें वंगण तोच द्रव. खरी चिंता उरते ती वीज आंत नेणाऱ्या तारेच्या वाटेची. तेथें एकामागें एक अशा दोन सांधी बसवून मधल्या जागेंत नायट्रोजन भरतात व त्याच्या दाबावर नजर ठेवतात. एक सांध ढिली झाली तर दुसरी हार खाण्यापूर्वीं कळावें, हा हेतु.

पंप बिघडला म्हणजे युसूफ वडगांवांत तिपाई उभारून, सांखळीनें नळ्या एकेक करून वर घेतात. दाभोळसारख्या ठिकाणच्या भरल्या टांकींतून पंप काढण्याची रीत फारशी निराळी नाहीं. छपरापासून तळापर्यंत एक रुंद नळा असतो व त्याच्या बुडाशीं झडप. पंपाच्या वजनानें ती उघडी राहते. पंप उचलला कीं मिटते. मग नायट्रोजनच्या दाबानें नळ्यांतील द्रव बाहेर घालवावयाचा आणि पंप सावकाश वर घ्यावयाचा. नवा सोडतांना मात्र घाई चालत नाहीं; तो हळूहळू गार करावा लागतो, नाहींतर त्याचे भाग कमीअधिक आकसून अडकतात.

हेंच यंत्र उलटें चालविलें म्हणजे टर्बाईन होतें. वायूचा द्रव बनविणाऱ्या कारखान्यांत दाबाखालचा द्रव पूर्वीं नुसत्या झडपेंतून सैल सोडीत. मलेशिया, ओमान इत्यादि देशांतील कारखान्यांत तो चक्रावर सोडूं लागले. चक्रासह जनित्रहि द्रवांतच बुडालेलें. वीज मिळते ती वेगळीच, आणि द्रव अधिक गार होऊन वायूचा नाश कमी होतो.

ही युक्ति सर्वच थंड द्रवांस लावतां येत नाहीं. १९ एप्रिल २०२१ रोजीं कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन एक रेल्वेगाडी विशाखापट्टणमकडे निघाली आणि द्रवरूप प्राणवायु घेऊन नागपूर व नाशिकास परतली. साथीचे ते दिवस होते. त्याच आठवड्यांत, २१ एप्रिल रोजीं, नाशिकच्या एका रुग्णालयांत प्राणवायूच्या टांकीस गळती लागून दाब उतरला आणि वीसांहून अधिक रुग्ण दगावले. शून्याखालीं १८३ अंशांवर उकळणाऱ्या त्या द्रवाचा पंप पाहिला तर त्याची मोटार बाहेरच ठेवलेली दिसते. मिथेनच्या टांकींत ज्याची उणीव हेंच संरक्षण, तो प्राणवायुच येथें कांठोकांठ भरलेला. तेथें मोटारीच्या गुंडाळीचें आवरणसुद्धां सरपण ठरेल. सांधेंतून थोडा प्राणवायु गळाला तर तो सोसतात; परंतु पंप जोडण्यापूर्वीं त्याचा प्रत्येक भाग धुऊन, पुसून, वंगणाचा अंशहि न उरेल असा करतात, आणि जोडणारा कामगार स्वच्छ हातमोजे चढवितो, कारण बोटांच्या ठशांतहि थोडें तेल असतें.