फूड फ्रँचायझी घेताय? करार शेवटच्या पानापासून वाचा

मी भिलाईहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त झालो तेव्हा जी एकरकमी रक्कम हाती आली, तिच्यासाठी सगळ्यांकडे योजना तयार होत्या. त्यात आमचे जावईसुद्धा. (रागावू नका, जावईबापू!) सुपेल्यात एका फूड ब्रँडचं दुकान घ्यायचं त्यांनी ठरवलं आणि ४२ पानांचा करार माझ्यापुढे ठेवला.

मी तो शेवटाकडून वाचायला घेतला. दुकान कसं चालेल हे कंपनीचा माणूस तासभर सांगतो. बंद झालं तर काय, हे फक्त करारात असतं.

मॅकडॉनल्ड्सचंच बघा. उत्तर आणि पूर्व भारतातली त्यांची दुकानं चालवणाऱ्या कंपनीत विक्रम बक्षींची निम्मी भागीदारी होती. २०१३ मध्ये त्यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून हटवलं, वाद लंडनच्या लवादापर्यंत गेला, २०१७ मध्ये १६९ दुकानांचा फ्रँचायझी करार रद्द झाला आणि तडजोड झाली थेट २०१९ मध्ये. निम्मा मालक असलेल्या माणसाची सहा वर्षं गेली. तिथे तुमची-माझी काय कथा!

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, एवढंच हाताशी.

आमच्या कागदात काय होतं? फ्रँचायझी पाच वर्षांची, पण जागेचा भाडेकरार नऊ वर्षांचा. म्हणजे पाट्या उतरल्यावरही भाडं आमच्याच माथी. मुदतीआधी बंद केलं तर उरलेल्या काळाची रॉयल्टी भरायची, आणि त्याला वैयक्तिक हमी माझी. वाद झाला तर लवाद बंगळुरूला. एक किलोमीटरच्या आत दुसरं दुकान देणार नाही असं लिहिलं होतं, पण मोबाइलवरून ऑर्डर घेणाऱ्या किचनबद्दल अवाक्षर नव्हतं. दुर्गमधल्या किचनमधून आमच्याच गल्लीत पार्सल आलं असतं, आणि आम्ही काही बोलू शकलो नसतो.

करार संपल्यावर दोन वर्षं खाद्यव्यवसाय करायचा नाही, असंही कलम होतं. त्याची मला फारशी भीती वाटली नाही. करार संपल्यानंतरची अशी बंदी कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची मात्र टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ते सांगितलंय.

मग ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर ब्रँडचं नाव टाकलं. हे कुणालाही फुकट पाहता येतं. शेरा होता ‘ऑब्जेक्टेड’. ज्या नावासाठी आठ लाख मागत होते, ते नाव अजून त्यांच्याच नावावर नोंदलेलं नव्हतं!

आम्ही चार बदल लिहून पाठवले. दोन मान्य झाले. वैयक्तिक हमी आणि उरलेल्या रॉयल्टीवर ते हटले नाहीत, म्हणून आम्ही बाहेर पडलो. जावयांनी आधीच दिलेले ५०,००० टोकन मात्र गेले. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘परत मिळणार नाही’ असं छापलेलं होतं, आणि पावती त्यांनी मला दाखवलीच नव्हती.