सासवडच्या जमिनीचे मोल कोणाचे?

(सासवड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मुख्य भाग.)



आरंभीच एक कबुली देतो. 1992 साली मी सासवडला पाच गुंठे जमीन घेतली आणि तिच्यावर दोन खोल्यांचे घर बांधले. प्राध्यापकाच्या पगारात पुण्यात घर होणे कठीण, हे त्याचे साधे कारण. पुढे निवृत्तीपर्यंत रोज दिवे घाट उतरून मी पुण्याच्या महाविद्यालयात जात राहिलो. आयुष्यभर शिकवून जी बचत झाली, तिच्या कितीतरी पट किंमत आज त्या पाच गुंठ्यांना आली आहे. त्या जमिनीसाठी मी काय केले? आंब्याची दोन झाडे लावली, एवढेच. भोवती वस्ती वाढली, रस्ता रुंद झाला, बसच्या फेऱ्या वाढल्या, नगरपालिकेने नळ आणला आणि मी बसल्या जागी श्रीमंत झालो. वर्गात ज्याला मी ‘अनर्जित वाढ’ म्हणत असे, ती माझ्याच अंगणात उगवली. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

सासवड हे पुण्याचे उपनगर म्हणून जन्माला आलेले गाव नव्हे. सोपानदेवांची समाधी येथे आहे. बाळाजी विश्वनाथ पेशवे 1720 साली येथेच निवर्तले. थोरल्या बाजीरावांनी आपले ठाणे येथून पुण्याला हलविले आणि 1730 साली शनिवारवाड्याचे काम सुरू झाले. म्हणजे पुण्याचे वैभव उभे राहण्यापूर्वी कारभाराची सूत्रे सासवडातून हलत होती. सत्ता गेली, तरी गाव ओस पडले नाही. कारण त्याला स्वतःची बाजारपेठ होती, कारागीर होते आणि अंजीर, सीताफळ, वाटाणा पिकविणारा मुलूख पाठीशी होता. गाव टिकते ते इतिहासावर नव्हे. तेथे मिळविलेला पैसा तेथेच फिरण्यावर टिकते.

आज नेमके हेच फिरणे थांबू लागले आहे. पहाटेच्या गाडीने आमची माणसे हडपसरला, पुण्याला जातात. कोणी कारखान्यात, कोणी रुग्णालयात, कोणी दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करावयास. संध्याकाळी परतताना पिशवीतला बाजारही तिकडचाच असतो. उलट दिशेने येतात ती पुण्यात घर न परवडणारी कुटुंबे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मीही तसाच आलो. माणसांच्या येण्याने गाव बिघडत नाही. त्या येण्याचे मोल तिसराच कोणी उचलून नेतो, तेव्हा बिघडते.

जर्मन अर्थशास्त्रज्ञ थ्यूनेन याने 1826 साली दाखवून दिले की, शहरापासूनचे अंतर जमिनीचा खंड ठरविते. सासवड पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर होते आणि आजही आहे. पण रस्ता सुधारला की अंतर वेळेच्या हिशेबात घटते आणि खंड चढतो. हे मूल्य जमीनमालकाने निर्माण केलेले नसते. ते करदात्यांच्या रस्त्याने आणि गावाच्या श्रमाने निर्माण केलेले असते. 2016 साली पुरंदर तालुक्यातील सात गावांच्या जागेवर विमानतळ होणार, अशी घोषणा झाली. ज्यांची जमीन जाणार होती, ते शेतकरी विरोधाला उभे राहिले. ज्यांची भोवताली होती, त्यांच्या दारी दलाल उभे राहिले. विमान उडण्यापूर्वी भाव उडतात, ते असे.

गावात याचा परिणाम काय होतो, तो वाड्यांकडे पाहावा. भाऊबंदांत आठ-दहा वाटण्या झालेला वाडा घर म्हणून दुरुस्त करणे कोणाला परवडत नाही. जमीन म्हणून विकणे मात्र सर्वांना परवडते. आमच्या आळीतील एक वाडा पाडला, तेव्हा त्याचे नक्षीदार खांब टेम्पोत भरून पुण्याकडे गेले. मागच्या दोन खोल्यांत राहणारे शिवणकाम करणारे कुटुंबही गेले. कोठे, ते मात्र कोणी विचारले नाही. आपण खांबांसाठी हळहळतो. मला त्या शिलाई यंत्राचे अधिक वाटते.

पाण्याचीही तीच कथा. आचार्य अत्र्यांनी ज्या कऱ्हेचे नाव आपल्या आत्मचरित्राला दिले, ती वर्षातील बराच काळ कोरडी असते. उपसा योजनेतून या तालुक्यात पाणी येते, ते पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेतून उचललेले. म्हणजे शहराने वापरून सोडलेले. शहर आमच्याकडून माणसे, भाजी आणि जमीन घेते व परत काय पाठविते, हे त्या पाण्याच्या रंगावरून कळते.

आणि नगरपालिका? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने 1992 साली अठरा विषय नागरी संस्थांसाठी यादीत घातले. 1999 साली नगरपालिकांची जकात बंद झाली आणि त्या शासनाच्या अनुदानाकडे पाहू लागल्या. कामे वाढली, स्वतःची मिळकत आटली. ज्ञानेश्वर माउलींची पालखी येथे दोन मुक्काम करते, तेव्हा गावापेक्षा कितीतरी मोठा जनसमुदाय हे गाव सांभाळते. ते सांभाळण्याची हिंमत आहे, तिजोरी नाही.

म्हणून आपली मागणी ‘जुने सासवड वाचवा’ एवढीच असून चालणार नाही. जमिनीच्या वाढीव मूल्यातील वाटा गावाला मिळाला पाहिजे, ही खरी मागणी होय. ती क्रांतिकारकही नाही. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात नगररचना योजनेद्वारे वाढीव मूल्याचा काही अंश वसूल करण्याची तरतूद आहे. ती वापरावी. त्या पैशातून भाडेकरूंसाठी घरे, वाड्यांच्या दुरुस्तीला साहाय्य आणि येथील कारागिरांना गाळे द्यावेत.

कोणी विचारील, दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे तो पैसा येतो आहे. त्यावरही तुमचा डोळा? नाही. जो कसतो, त्याला यातून सूट असावी. शेतकरी बहुधा आधी आणि स्वस्तात विकतो. मोल वाढते ते बिगरशेती परवान्यानंतर आणि हातोहात होणाऱ्या फेरविक्रीत. आकारणी तेथे करावयाची आहे.

हे सांगताना लोक आपल्याकडेही बोट दाखवतील. आपल्यापैकी अनेकांचे गुंठे आहेत. म्हणूनच कबुलीने सुरुवात केली. या नगरपालिकेने असा ठराव केला, तर पहिली आकारणी माझ्या पाच गुंठ्यांवर करावी. आंब्याची झाडे तेवढी मी लावली. बाकीचे मोल तुम्ही सर्वांनी निर्माण केले आहे.