घराभोवतीची बाग आणि पाखरांचा वाटा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस शेतीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आमचा जन्म खडू-फळ्यात गेला. तथापि निवृत्तीनंतर वडिलोपार्जित तुकड्यावर जे पाहिले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या बहुतेक घरांत वाटण्या होऊन एक-दोन एकरच जमीन उरली आहे, आणि निफाड-दिंडोरीकडे तीही या बांधापासून त्या बांधापर्यंत द्राक्षवेलीखाली गेली आहे. द्राक्षाने जिल्ह्यास वैभव दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु घड पिकताना अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात व वर्षाची कमाई दोन दिवसांत जाते. आणि ज्या घरचा माल परदेशी जातो, त्या घरची मुले पेरू बाजारातून आणून खातात! म्हणून आमची विनंती की प्रत्येक कुटुंबाने दहा गुंठे वेलीबाहेर ठेवावेत.

दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. त्यांत दोन आंबे, एक जांभूळ, चार पेरू, दोन कागदी लिंबे, चार सीताफळे, एक आवळा व कुंपणाशी शेवगा सुखाने मावतात. आंब्यास दहा मीटर, पेरू-लिंबास सहा व सीताफळास पाच मीटर अंतर द्यावे. उंच झाडे उत्तरेच्या कडेस लावावीत, म्हणजे थंडीत त्यांची सावली लहान झाडांवर पडत नाही. हापूसचा हट्ट नको, तो कोकणाचा. आपल्याकडे केशर बरा. पेरूत सरदार, म्हणजेच लखनौ ४९, घ्यावा. ही जात पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी निवडली. आंब्याचे खड्डे तीन फूट लांब, रुंद व खोल असे वैशाखात खणून उन्हात तापू द्यावेत, आणि शेणखत व माती यांनी भरून मृगाच्या पावसावर कलमे लावावीत. कलमाचा सांधा मातीखाली जाता कामा नये. येवला-सिन्नरच्या कमी पावसात सीताफळ, बोर व आवळा यांवर भर द्यावा. इगतपुरी-पेठकडे फणस व करवंदाचे कुंपण शोभते.

आता पाहुण्यांविषयी. द्राक्षाचे फूल आपल्याच परागावर फळते, त्यामुळे बागायतदारास मधमाशीचा विसर पडला. पण भोपळा, दोडका, कारले यांची नर व मादी फुले निरनिराळी असतात. माशी आली नाही तर वेल नुसताच वाढतो. फुलोरा असताना फवारा मारू नये. मारणे भागच पडले तर माश्या पोळ्याकडे परतल्यावर, संध्याकाळी मारावा. शेवग्याची वाळकी फांदी तोडू नये, तीत तांबट पक्षी घर कोरतो. गव्हाणी घुबडास अपशकुनी म्हणून हाकलणारे पुष्कळ आहेत. तेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी उंदरांचे औषध विकत आणतात! धामणीचीही तीच कथा.

पाखरे फळे खातात, हे खरे. शेंड्यावरची त्यांस सोडावीत व हाताशी येणारी कागदी पिशवीने झाकावीत. नायलॉनचे जाळे मात्र पसरू नये. त्यात बुलबुल व साप अडकून तडफडून मरतात. संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजाही शोधून काढावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी येवल्यास व नाशकात तो सापडतोच. मुलांच्या हाती तो देणारे आपणच आहोत.

आपल्या जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरास २०२० मध्ये रामसर स्थळाचा मान मिळाला, महाराष्ट्रात प्रथमच. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर दूरदेशचे पक्षी उतरतात आणि आपण सहकुटुंब पाहावयास जातो. अंगणातल्या शिंजिरास मात्र बसावयास फांदी नसते.

सर्वच वन्य जीवांचे स्वागत करावे, असे आम्ही म्हणत नाही. बिबट्या उसात दडतो व कुत्र्यांच्या मागे वस्तीपर्यंत येतो. घरालगत दाट झुडूप वाढवू नये, गोठ्यास रात्री दार असावे, लहान मुलांस अंधारात एकटे पाठवू नये. बिबट्या दिसल्यास गर्दी न करता वनखात्यास कळवावे. शिवाय विहिरीस कठडा बांधावा. उघड्या विहिरीत बिबटे पडल्याच्या वार्ता आपल्या जिल्ह्यात वारंवार येतात, आणि ज्या विहिरीत बिबट्या पडतो तीत मूलही पडू शकते. ज्यांच्या विहिरी अद्याप उघड्या आहेत त्यांनी खड्डे खणण्याआधी हे काम हाती घ्यावे.