श्वासनलिकेतील शेंगदाणा



लहान मुलांच्या कान, नाक व घशाचा शस्त्रवैद्य म्हटला, की आपल्याला वाढलेले टॉन्सिल्स आठवतात, नाहीतर वाहता कान. तेही त्याचे काम खरेच. आज मात्र मी बोलणार आहे ते श्वासनलिकेत अडकलेली वस्तू काढण्याच्या विद्येविषयी.

१८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा काढला. ही विद्या मुलांच्या उपयोगी आणली ती प्रामुख्याने अमेरिकेतील शेव्हालिए जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी. त्यांनी बालकाच्या चिमुकल्या श्वासमार्गात जाईल अशी, टोकाशी दिवा असलेली नळी वापरात आणली. त्यांनी काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. टाचण्या, बटणे, नाणी, खेळणी! त्या खणांतील एकेका वस्तूमागे एकेक जीव उभा आहे.

परंतु मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. त्या काळी अमेरिकन घरांत सफाईसाठी दाहक सोडा असे. साखर समजून मुले तो तोंडात टाकीत. अन्ननलिका भाजे, व्रण भरताना ती आवळून जाई आणि पाण्याचा घोटही उतरेनासा होई. जॅक्सन ती नलिका चिकाटीने रुंदावीत. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. डब्यावर विषाची सूचना छापलीच पाहिजे, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९२७ साली तसा कायदा झाला. रोगी बरा करणे मोठे; रोगी होऊच न देणे त्याहून मोठे.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे वैरी कोण? शेंगदाणा, चिंचोका, हरभरा, सीताफळाची बी. मुलाला एकाएकी ठसका लागतो, मग ते शांत होते. आई म्हणते, “गिळले असेल.” येथेच घात होतो! दाणा आत बसून ओलाव्याने फुगतो. साध्या क्ष-किरण चित्रात तो बहुधा दिसत नाही. पुढे खोकला, ताप, छातीत घरघर सुरू होते आणि औषध दम्याचे चालते. म्हणून त्या ठसक्याची हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदानाचे अर्धे काम त्यानेच होते.

मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्या. घशात आंधळेपणाने बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल, तर मदतीला माणूस धाडा. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली असे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्या. तेवढ्याने न सुटल्यास उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबा. खेळण्यातील बटणाएवढी बॅटरी गिळली असेल, तर तासभरही वाट पाहू नका. अन्ननलिकेत अडकल्यास ती दोन तासांत भाजते.

चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका; कूट करून द्या. शस्त्रवैद्याची नळी शहरात असते, खलबत्ता मात्र घरोघरी आहे.